थांब, आईला देतो

"आता काय दिसतंय?" मुलाने फोनवर विचारलं.

"पासवर्ड मागतोय."

"मग टाका."

"टाकतोय. पण काही उमटत नाहीये."

"नाही उमटत. तुम्ही पूर्ण टाकून एंटर दाबा."

"अरे, एक अक्षर येत नाही पडद्यावर. की-बोर्ड गेलाय याचा. ठेव तू, मी बघतो."

मी फोन ठेवला आणि कपाटावरची हत्यारांची पेटी खाली काढली.

माझी सगळी नोकरी कपड्यांच्या कारखान्यात गेली. शिलाई मशीनचा मेकॅनिक. एका रांगेत बायका बसलेल्या, मशीन अडलं की हात वर करायच्या आणि ओरडायच्या, "तेलवाले काका!" हातात कायम तेलाची कुपी असायची, म्हणून ते नाव. मशीन अडलं की पहिला संशय कचऱ्यावर घ्यायचा, हे मला शिकवलं गेलं होतं आणि पुढे मीही तेच शिकवलं. दहातल्या आठ वेळा धाग्याचा गुंता किंवा कापसाची वात निघते. त्यामुळे लॅपटॉपचंही मी तेच केलं. पालथा घातला, खालचे स्क्रू काढले, की-बोर्ड अलगद उचलला. त्याची पट्टी कागदासारखी पातळ होती, ती तेवढी सांभाळली.

आत बिस्किटांचा चुरा निघाला. बराच. माझी बायको याच टेबलाशी बसून विद्यार्थ्यांचे प्रबंध टाईप करून द्यायची. मी जवळ चहाचा कप जरी आणला तरी म्हणायची, "अहो, मशीनजवळ खाणं-पिणं नको. तुमच्या कारखान्यात चालतं का?" आणि हा चुरा. पुराव्यासकट सापडली, पण आता हे दाखवणार कोणाला?

ब्रशने सगळं साफ केलं, परत जोडलं. पासवर्ड टाकून पाहिला. पुन्हा काहीच उमटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाला हे सांगितलं तेव्हा तो आधी "काय?" म्हणाला. मग हसायला लागला. किती तरी महिन्यांनी मी त्याचं हसू ऐकलं.

"बाबा, पासवर्ड दिसतच नाही. मुद्दाम तसं ठेवलंय. मागून कोणी वाचू नये म्हणून."

"घरात मी एकटा आहे. मागून कोण वाचणार?"

मी गमतीने म्हणालो होतो. त्याचं हसू थांबलं.

"टाका परत," तो म्हणाला. "न बघता टाका. तेलवाले. इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं."

पासवर्ड बायकोनेच ठेवला होता. मी एकेक अक्षर शोधून न बघता टाकलं, एंटर दाबलं, आणि पडद्यावरून ओळी धावायला लागल्या.

आमच्या घरातली फोनची पद्धत इथे सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलगा दुसऱ्या शहरात असतो. एका कंपनीत मोठमोठे कॉम्प्युटर सांभाळायचं काम करतो. त्याचा फोन यायचा तो माझ्या मोबाईलवर, कारण माझा साधा बटणांचा फोन, लगेच लागतो. मी उचलायचो.

"जेवलास का?"

"हो. तुम्ही?"

"जेवलो. थांब, आईला देतो."

एवढंच. भांडण नव्हतं, राग नव्हता. तो शिकायला बाहेर पडला तेव्हापासून हे असंच. मी फोन तिच्या हातात द्यायचो आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसायचो. त्यांचं बोलणं ऐकत बसणं मला बरं वाटायचं नाही. ती कधी वैतागायची. "हात ओले आहेत माझे. बोला की दोन मिनिटं. तुमचाही आहे तो." मी म्हणायचो, "त्याला तुझ्याशी बोलायचंय." आणि तिच्या कानाला फोन लावून धरायचो.

ती गेल्यावरही फोन येत राहिले. जेवलास का, हो, तुम्ही, जेवलो. त्यानंतर दोघंही तसेच थांबायचो. फोन द्यायला कोणी नव्हतं. मग तो म्हणायचा, "बरं, ठेवू?" मी म्हणायचो, "ठेव." हळूहळू फोनही कमी झाले. मला त्याचा दोष वाटत नव्हता. बोलायला काही नसेल तर माणूस फोन कशाला करेल?

लॅपटॉप उघडला तो एका मुलीमुळे. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण बायकोने दुरुस्त्या करून ठेवलं होतं आणि ते आतच राहिलं होतं. बरेच महिने ती मागायला आली नाही. मग एक दिवस दारात उभी राहिली.

"काका, मला बरं वाटत नव्हतं विचारायला. पण आता द्यायची तारीख जवळ आलीय."

"अगं, तुझंच आहे ते. बस."

तिने लॅपटॉप उघडला. नुसता उघडायला पासवर्ड लागत नव्हता, आत काही बदलायचं असेल तरच तो मागायचा. तिला फाईल सापडली, पण मेल करता येईना. "काका, वायफाय दिसतच नाहीये. म्हणजे बंद नाहीये, यात ते आहे असंच दाखवत नाही." घरातला वायफायचा डबा तर चालू होता, त्याचे दिवे लुकलुकत होते. शेवटी तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला, त्यावर फाईल घेतली आणि गेली. तिचं काम झालं. जाताना दारात जरा रडली. मी तिला पाणी दिलं.

खरं तर मला त्या वायफायची काहीच गरज नव्हती. पण त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. जेवलास का, हो, तुम्ही, जेवलो. आणि नेहमीची ती शांतता आली तेव्हा मी म्हणालो, "आईच्या लॅपटॉपला वायफाय लागत नाहीये."

"तुम्हाला कशाला हवंय?"

"हवं असं नाही. पण बंद पडलेली वस्तू घरात तशीच ठेवायला मला आवडत नाही."

त्याने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बरं. लॅपटॉप समोर घ्या. मी सांगतो तसं टाईप करा."

तिथून सुरुवात झाली.

त्याने माझ्याकडून काय काय टाईप करून घेतलं ते मला सगळं कळलं नाही. तो अक्षर सांगायचा, मी शोधायचो. "इथे जागा सोडा," तो म्हणायचा. "इथे आडवी रेघ. छोटी. खालची नाही, मधली." मग पडद्यावर जे येईल ते मी वाचून दाखवायचो आणि तो पलीकडे हूं हूं करायचा. डॉक्टरने पाठीला नळी लावावी तसं. शेवटी एका ओळीवर तो थांबला.

"हेच ते कार्ड," तो म्हणाला. "हे बेणं पहिल्यापासून त्रासदायक आहे."

"कसलं कार्ड?"

"वायफायचं. आत एक छोटं कार्ड असतं. हे ज्या कंपनीचं आहे तिने लिनक्ससाठी काही बनवलंच नाही. आईचा लॅपटॉप जुना झाला, रडतखडत चालायला लागला, म्हणून मी विंडोज काढून त्यात लिनक्स टाकलं. बाकी सगळं पळायला लागलं, फक्त हे अडलं. मग कुणीतरी बाहेरच्या माणसाने याचा ड्रायव्हर लिहिला होता, तो मी बसवला."

"ड्रायव्हर म्हणजे?"

"म्हणजे..." तो विचार करायला लागला. "दुभाष्या समजा. कार्डाची भाषा वेगळी, लॅपटॉपची वेगळी. मधे हा असला तरच त्यांचं बोलणं होतं. नाहीतर दोघंही चांगले असतात, पण एकमेकांना दिसतच नाहीत."

"मग दुभाष्या गेला कुठे?"

"लॅपटॉपचं अपडेट झालं असणार. आतलं मुख्य इंजिन नवीन आलं की जुना दुभाष्या त्याला चालत नाही, नवीन करावा लागतो. आई अपडेटला कधी हो म्हणायची नाही, मी सांगून ठेवलं होतं. शेवटचा कधी बंद केला होता हा?"

मला आठवायला वेळ लागला नाही.

"दवाखान्यात नेलं त्या दिवशी," मी म्हणालो. "ती खाली रिक्षात बसली होती. म्हणाली, लॅपटॉप चालूच राहिलाय, बंद करून या. मी वर आलो. त्याने विचारलं अपडेट करू का. घाई होती. मी हो दाबलं."

पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते.

"कोणीही दाबलं असतं," शेवटी तो म्हणाला. "उद्या करू पुढचं."

पुढचं करायला नवीन दुभाष्या लागणार होता, आणि तो इंटरनेटवर होता, आणि इंटरनेट लागत नव्हतं म्हणून तर तो हवा होता. लॅपटॉप पातळ, त्याला तारेची खाचही नाही. माझा फोन बटणांचा, त्यावर इंटरनेट नाही. तिचा चांगला फोन होता, तो दवाखान्याच्या धावपळीत कुठे गेला ते आजपर्यंत कळलं नाही. शेवटी असं ठरलं की मुलाने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला मेल करायचा आणि त्याने मला पेन ड्राइव्हवर भरून द्यायचं.

"काका, हे काय मागवलंत?" झेरॉक्सवाला पडद्याकडे बघत म्हणाला. "ना फोटो, ना पिक्चर."

"दुभाष्या आहे."

"ऑं?"

"तू भर रे मुकाट्याने."

घरी येऊन पेन ड्राइव्ह लावला, मुलाने सांगितलं तसं केलं, तर लॅपटॉप म्हणाला, हे बनवायला अमुक एक वस्तू लागते, ती माझ्याकडे नाही. पुन्हा झेरॉक्सवाल्याकडे. ती आणली तर म्हणाला, हिला आणखी दुसरी लागते. ती आणली तर ती नव्या इंजिनाला बसेना, जुन्याची होती. कारखान्यात जुन्या मशीनचे सुटे भाग शोधताना हेच व्हायचं. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. मी आरामात जात होतो, येत होतो.

लॅपटॉप चालू केला की दर वेळी कोपऱ्यात एक लहान चौकट उघडायची आणि तिच्यात एक गोल फिरत राहायचा. मी पहिल्यांदा विचारलं तर मुलगा म्हणाला, "ते आपोआप उघडतं, जाऊ दे." मी जाऊ दिलं. आणखी एक गोष्ट त्याने बजावून सांगितली. "झाकण लावू नका. झाकण लावलं की तो झोपतो, आणि हे कार्ड असं आहे की झोपलं की परत उठेलच याचा भरवसा नाही."

फाईल भरायला, काही बनायला वेळ लागायचा. पडद्यावर आकडे सरकत असायचे आणि आम्ही फोन धरून बसलेले असायचो. तेव्हा बोलणं व्हायचं. एकदा त्याने विचारलं, आईच्या खोलीतला पंखा अजून कुरकुरतो का. मी म्हणालो, तेल दिलं, आता नाही कुरकुरत. तो म्हणाला, "तिला त्या आवाजाशिवाय झोप लागायची नाही." हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तो पंखा दुरुस्त करू का म्हणून विचारायचो आणि ती राहू द्या म्हणायची. मला वाटायचं, माझे कष्ट वाचवतेय.

दुसऱ्या एका संध्याकाळी तो सहज बोलून गेला, "जुन्या ऑफिसात असतो तर एवढा वेळ मिळाला नसता."

"जुन्या म्हणजे?"

"नोकरी बदलली ना मी. गेल्या वर्षी."

मी की-बोर्डवरचं बोट उचललं.

"आईने सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"मी तिला म्हटलं होतं, बाबांना तू सांग."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मी कशाला सांगू, तुला तोंड नाही का."

आम्ही दोघंही हसलो. तिचा आवाज त्याने बरोबर काढला होता. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. माझ्या मुलाने नोकरी बदलली, आणि बाहेर गॅलरीत बसलेल्या मला ते वर्षभर माहीत नव्हतं. जुन्या नोकरीत त्याला काय त्रास होता, तेही मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं. त्याने सांगितलं. बरंच सांगितलं. मी नुसतं ऐकलं, मधे फक्त एकदा म्हणालो, "असला सुपरवायझर आमच्याकडेही होता." तो म्हणाला, "मग तुम्ही काय केलंत?" मी सांगितलं.

झेरॉक्सवाल्याने एक दिवस पेन ड्राइव्ह हातात द्यायच्या आधी मला थांबवलं.

"काका, राग येणार नसेल तर एक बोलू?"

"बोल."

त्याने काचेखालून नखाएवढी एक काळी वस्तू काढून टेबलावर ठेवली. "हे घ्या. लॅपटॉपच्या बाजूला खोचा. दुसऱ्या मिनिटाला वायफाय चालू. आतलं कार्ड जाऊ दे खड्ड्यात. तुमच्या लिनक्सला पण चालतं, मी विचारून घेतलंय."

मी ती वस्तू हातात घेऊन पाहिली. वजनच नव्हतं तिला.

"तुमचा मुलगा यातलाच आहे ना?" तो म्हणाला. "त्याला सुचलं कसं नाही? पहिल्याच दिवशी कुरियरने पाठवून द्यायचं होतं."

"आतलं चांगलं असताना बाहेरून कशाला लावायचं," मी म्हणालो आणि ती वस्तू परत केली.

घरी येताना मी पाय ओढत चाललो होतो. त्याला सुचलं नसेल हे शक्यच नव्हतं. त्याचं कामच ते. आणि मग मला बाकीच्या गोष्टीही दिसायला लागल्या. लागणाऱ्या सगळ्या वस्तूंची यादी तो एकदम काढू शकला असता, पण रोज एकच मागवत होता. "आज एवढं पुरे, पुढचं उद्या करू," हे रोज तोच म्हणायचा. काम लांबवणारा मेकॅनिक मला लगेच ओळखू येतो. आमच्याकडे एक जण होता. त्याची एका रांगेतल्या बाईशी ओळख वाढली होती. तिचं मशीन तो आठवडाभर दुरुस्त करायचा. आज एक स्क्रू, उद्या दुसरा. सगळ्यांना कळायचं, कोणी बोलायचं नाही. पुढे त्यांचं लग्न झालं.

त्या संध्याकाळी मुलाने विचारलं, "झेरॉक्सवाला काही म्हणाला का?"

"नाही," मी म्हणालो. "काय म्हणणार?"

"काही नाही. सहज."

त्यानंतर मीही अक्षरं शोधायला जास्त वेळ घ्यायला लागलो.

पण काम कितीही लांबवलं तरी ते एक दिवस संपतंच. शुक्रवारी दुभाष्या तयार झाला. पडद्यावर कुठेही चूक आली नाही. मी वाचून दाखवलं आणि मुलगा म्हणाला, "झालं बहुतेक." त्याच्या आवाजात आनंद नव्हता. पण वायफाय काही दिसेना. मग त्याने आणखी काही टाईप करून घेतलं आणि सुटकेचा श्वास सोडल्यासारखा म्हणाला, "अडवतंय. सही नसलेलं काही आत घ्यायचं नाही, असा याचा नियम असतो. आपला दुभाष्या बाहेरच्या माणसाने लिहिलेला, त्याच्यावर सही नाही."

"गेटवरचा वॉचमन," मी म्हणालो. "पास नाही तर आत नाही."

"बरोबर. तो नियम बंद करायचा. लॅपटॉप सुरू होताना एक बटण दाबून धरायचं, निळा पडदा येतो, त्यात आहे ते. पायऱ्या सांगून ठेवतो. उद्या मला जमेल की नाही माहीत नाही, शनिवार असला तरी ऑफिसला जायचंय. तुम्ही घाई करू नका. रविवारी मी निवांत आहे, तेव्हा बरोबरच करू."

"बरोबरच करू," मी म्हणालो.

मी खरंच थांबणार होतो. शनिवारी सकाळी मी लॅपटॉपकडे गेलोच नाही. कपडे धुतले, वाळत घातले, जेवलो. दुपारी मात्र त्या टेबलासमोर जाऊन बसलो. एखादं मशीन चालू होण्याच्या बेताला आलं की माझा हात स्वस्थ बसत नाही. आयुष्यभर तीच सवय लागलेली. नुसता निळा पडदा येतो का बघू, म्हणून बटण दाबून धरलं. आला. मग म्हटलं, त्या नियमापर्यंत जाता येतं का बघू. गेलो. मग तो बंद केला. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे इतके दिवस काहीच नव्हतं, तिथे पंख्यासारखी छोटी खूण उमटली. एक रेघ, मग दुसरी, मग तिसरी.

लागलं होतं.

मी खुर्चीत मागे टेकलो. पूर्वी असं काही जमलं की रांगेतल्या बायका हातातलं काम थांबवून बघायच्या. मला आता फक्त एवढंच वाटलं की उद्या रविवारी काय बोलायचं? उद्या फोन येईल, मी म्हणेन लागलं, तो म्हणेल अरे वा. त्यानंतर जेवलास का. मी मनाशी ठरवलं की सांगायचं नाही. म्हणायचं, अडवतंय अजून. निळा पडदा येतच नाही. आणखी आठ-पंधरा दिवस तरी निघतील.

कोपऱ्यातल्या त्या लहान चौकटीतला गोल फिरायचा थांबला होता. तिथे नावं आली होती. मी नीट पाहिलं नाही. एका नावापुढे एक आकडा होता आणि तो वाढत होता.

तेवढ्यात फोन वाजला. मुलाचा. ऑफिसच्या वेळात त्याचा फोन कधीच येत नाही.

"हॅलो," मी म्हणालो.

पलीकडून काहीच नाही. फक्त श्वास. जिन्यात उभं राहिल्यावर येतो तसा घुमणारा.

"अरे, काय झालं? बरा आहेस ना?"

"बाबा," तो म्हणाला. "आई ऑनलाइन दिसतेय."

मला आधी कळलंच नाही.

"माझ्यासमोर, चॅटच्या स्क्रीनवर," तो म्हणाला. "तिच्या नावापुढे हिरवा ठिपका आलाय. मी मीटिंगमध्ये होतो. उठून बाहेर आलो."

"ते..." मी म्हणालो. "वायफाय लागलं. आत्ताच. मी नुसतं बघत होतो."

"हो. कळलं मला. आधी नाही कळलं. मग कळलं."

"बंद करू का?"

"नको." तो पटकन म्हणाला. "नको, बाबा. राहू दे थोडा वेळ."

"राहू दे."

"त्या कोपऱ्यातल्या चौकटीत मेसेज येत असतील," तो म्हणाला. "तुम्ही वाचताय का?"

"नाही. आकडा वाढताना दिसतोय फक्त."

"माझे आहेत. तिचा फोन हरवला तेव्हापासूनचे. आणि मी नंतरही लिहीत होतो. म्हणजे, नंतर," तो म्हणाला. "वाचू नका."

"नाही वाचत."

मी लॅपटॉपचा पडदा माझ्यापासून वळवला. झाकण लावता येत नव्हतं. झाकण लावलं असतं तर तो झोपला असता. म्हणून नुसता भिंतीकडे तोंड करून ठेवला. ती बसायची ती खुर्ची त्याच बाजूला होती.

"बाबा."

"बोल."

"जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"हो."

मग ती शांतता आली. माझ्या तोंडात पुढचं वाक्य सवयीने तयार होतं. इतकी वर्षं तेच म्हटलं होतं.

"थांब," मी म्हणालो.

मी फोन लॅपटॉपच्या शेजारी, तिच्या खुर्चीच्या बाजूला ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसलो. खाली एक माणूस बादलीतून पाणी घेऊन गाडी पुसत होता. माझे दोरीवरचे कपडे वाळले होते, ते काढून घड्या घातल्या. आतून काही आवाज येत होता की नाही, मी ऐकलं नाही. त्यांचं बोलणं मी कधीच ऐकत नसे.

घड्या संपल्यावर आत आलो आणि फोन कानाला लावला.

"आहेस का?"

"आहे," तो म्हणाला. नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"लॅपटॉपचा एक दिवा लाल झालाय."

"बॅटरी संपत आली असेल. चार्जर लावा."

"लावतो. तू फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

चार्जरची पिन सैल आहे, जरा धक्का लागला की सुटते. मी पडद्याकडे न बघता हात घालून ती लावली, तिच्याखाली हत्यारांच्या पेटीतलं दोऱ्याचं एक रिकामं रीळ सारलं, आणि नीट बसली आहे ना ते बोटाने दाबून पाहिलं. लाल दिवा गेला.